आमच्या लेकरांना आमच्या रानातल्या गोष्टी द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची बालपुरवणी आमच्या अंगणवाडीत जपून ठेवली जाते. तीन ते सहा वर्षांची लेकरं, वाचता येत नाही, पण चित्र दाखवून गोष्ट सुरू केली की जागची हलत नाहीत. त्या गोष्टींबद्दलच आज लिहिते आहे.

पुरवणीत काय किंवा बाजारातल्या पुस्तकांत काय, जनावरांचे स्वभाव आधीच ठरलेले असतात. कोल्हा लबाड, लांडगा दुष्ट, घुबड अपशकुनी. नाहीतर मग सगळंच गोडगोड : वाघाचं पिल्लू दप्तर घेऊन शाळेत जातं, अस्वल वाढदिवसाचा केक कापतं. शहरातल्या मुलाचं पुस्तक मिटलं की जनावरही संपतं. आमचं गाव ताडोबाच्या बफरला, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून आहे. इथे रात्री डुकरं धानाच्या बांधीत शिरतात, रोही, म्हणजे नीलगाई, तुरीचे शेंडे खाऊन जातात, आणि कुत्री कशी भुंकतात यावरून बाया ओळखतात की बिबट गावात आला आहे. इथल्या लेकराला वाघ मित्र आहे असं शिकवणं धोक्याचं आहे, आणि वाघ राक्षस आहे असं शिकवणंही तितकंच धोक्याचं.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले. वाघ आडवा येतो, म्हातारी त्याला चकवते, पोरं खिदळतात. एका वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती, तिची आजी मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेली होती. बाकीची पोरं हसत असताना ती हळूच म्हणाली, "बाई, माह्या आजीजवळ भोपळा नव्हता."

ती गोष्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर त्या गोष्टीत नव्हतं. तिला विचारायचं होतं, वाघानं असं का केलं? वनखात्याची माणसं आम्हाला सांगतात की मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचताना माणूस वाकलेला, बसलेला असतो आणि झुडपाआडून वाघाला तो चार पायांच्या जनावरासारखा भासतो. तेवढंच मी तिला सांगितलं. त्यानं तिचं दुःख काही कमी झालं नसेल. पण आजीवर वाघानं डूख धरला नव्हता, हे तिला कळलं. मला वाटतं, पाच वर्षांच्या लेकराला हे कळू शकतं, आणि कळायला हवं.

2018 च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत निषेध झाले, तिकडच्या गावांत फटाके फुटले. दोन्हीकडची माणसं खोटी नव्हती. पण लहानपणी कानावर पडलेल्या वाघाच्या गोष्टी दोन्हीकडे इतक्या वेगळ्या असतात की मोठेपणी एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही.

खरी गोष्ट सांगितली तर काय होतं, हे मी पाहिलं आहे. 2019 साली यवतमाळच्याच टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. वाघाचे बच्चे दोनेक वर्षांचे झाले की आईला सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात, तसाच हाही निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला. दिवसा झुडपात, नाल्यात दडून राहायचं, रात्री चालायचं. कापसाची शेतं, कालवे, डांबरी रस्ते ओलांडत, तेलंगणात शिरून परत फिरत, 3,000 किलोमीटरहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तो झुडपात पडलेला असताना माणसं आत शिरली तेव्हा एकाला किरकोळ जखम झाली. एवढी वस्ती पार करूनही त्यानं माणूस मारला नाही.

ही गोष्ट मी खडूनं फरशीवर वाट काढून सांगते. एक पोरगा त्या वाटेवरून बोट फिरवत विचारतो, "बाई, तो पाणी कुठं प्यायचा?" दुसरी म्हणते, "त्याले त्याची माय भेटली का?" नाही भेटली. भेटायला तो निघालाच नव्हता, त्याला जागा हवी होती, हे सांगितलं की ती गप्प होतात आणि मग एकदम दहा प्रश्न येतात. आमच्या पाणंदीतूनही असाच कुणी जात असेल का? जातो तर, म्हणून अंधार पडल्यावर तिकडे जायचं नाही. भीती राहतेच, राहायलाच हवी. तिच्यात द्वेष मिसळत नाही, एवढंच.

अशा गोष्टी आपल्या विदर्भात पडून आहेत. ज्याच्या नावावरून ताडोबा म्हणतात तो तारू, वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा प्रमुख, त्याचं ठाणं आजही तळ्याकाठी आहे. माझ्या कानावर आलेल्या त्या गोष्टीत वाघ दुष्ट नाही, वाघच आहे. गोंदियाच्या धानाच्या बांधीत सारस घरटं करतो आणि तेवढा तुकडा सोडून धान कापणारे शेतकरी तिथे आहेत. मेळघाटात रानपिंगळा आहे, लहानसं घुबडच ते. 1884 नंतर 113 वर्षं कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं, तो 1997 मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला. केवढी ही गोष्ट! आणि आमची पोरं घुबड दिसलं की दगड उचलतात. आमच्या म्हाताऱ्या त्यांना दटावतात की घुबड तो दगड घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. त्या धाकानं पुष्कळ घुबडं वाचली असतील. पण बांधीतले उंदीर तेच खातं, हे कळलं तर धाकाशिवायही हात थांबेल. धामणीचंही तेच. गाईचं दूध पिते या खोट्या गोष्टीपायी बिनविषारी धामण दिसताक्षणी मारली जाते.

म्हणून विनंती आहे. बालपुरवणीत आठवड्याला एक तरी गोष्ट इथल्या जनावराची छापा, ज्यात ते जनावर त्याच्यासारखंच वागेल, काय खातं, कशाला भितं, पिल्लांना कुठं लपवतं ते येईल. लेखक मिळत नसतील तर गुरं चारणाऱ्या गायक्यांकडे, वनरक्षकांकडे, पारावरच्या म्हाताऱ्यांकडे बातमीदार पाठवा. त्यांच्याकडे गोष्टी आहेत, त्या लिहून घेणारं कुणी नाही. चित्रं मात्र मोठी असू द्या. आमच्याकडे मागच्या रांगेतल्या लेकरांना लहान चित्र दिसत नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर