पंचायतीसाठीच शिक्षणाची अट का?

संपादक महोदय,

संविधानातील समतेवरील संशोधन बहुतांशी अनुच्छेद १४च्या न्यायालयीन अन्वयार्थात रमते; निकालानंतर गावात काय घडले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांवर शिक्षणाची अट घातली, सर्वसाधारण गटातील पुरुषांना दहावी आणि महिलांना आठवी, शिवाय घरी वापरातले शौचालयही हवे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही अट वैध ठरवली. लोकसभेच्या उमेदवाराला मात्र शिक्षणाची कोणतीही अट नाही, ही विसंगती मला फार खुपते. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखल्या. पण ज्या पिढीतील मुलींना शाळेतच धाडले गेले नाही, त्यांतील एखादी, त्यातही दलित घरातली, मतदान करू शकते आणि उमेदवारी अर्ज मात्र भरू शकत नाही. राजस्थानने अशीच अट २०१९ मध्ये मागे घेतली. त्यामुळे अट असतानाच्या आणि नसतानाच्या निवडणुकांची तुलना करणे तेथे शक्य आहे. आपल्या विद्यापीठांतील विधी आणि राज्यशास्त्र विभागांनी एकत्र येऊन, बाद झालेल्या उमेदवारी अर्जांपासून हा अभ्यास सुरू करावा, ही विनंती.

– एक वाचक