टोळ्या उतरण्याआधी पाळणाघर उभं राहू दे : ग्रामस्थांना आवाहन

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटू लागलेत. दिवाळी उरकली की बीड, जालना, पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या कृष्णाकाठाला येतील, माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतील आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ही माणसं आपल्याच शिवारात नांदतील. त्यांच्याबरोबर त्यांची पोरंही येतात. सहा वर्षांखालच्या या पोरांसाठी आपल्या बालशिक्षण समितीनं यंदा पूर्ण हंगामभर पाळणाघर आणि बालवाडी चालवायचं ठरवलं आहे. त्यासाठी पैसा, माणसं आणि ग्रामसभेत हात वर करणारे गावकरी हवे आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्यामुळं आईला मूल घेऊन गावी राहता येत नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, चार-पाचला फडात, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या रानात, जायचं. झोळीतलं मूल बांधावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, आडोशाला निजवायचं. त्याच्याजवळ आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण बसते, म्हणजे तिची शाळा सुटलीच. गेल्या हंगामात एका फडात अशीच एक मुलगी पाहिली. कडेवर तान्हा भाऊ, आणि ट्रॅक्टर मागं येऊ लागला की दुसऱ्या दोन पोरांना नावानं हाका मारत चाकापासून लांब ओढायची. त्या सगळ्या गडबडीत पाचेक वर्षांचा एक पोरगा खाली पडलेली उसाची टिपरी गोळा करून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडत होता. बालवाडीत गणिताची सुरुवात नेमकी याच खेळानं करतात. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

'गावात अंगणवाडी आहे की, मग हे वेगळं कशाला?' असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. पण अंगणवाडी उघडेपर्यंत ही मुलं आईबरोबर फडात पोचून पाच तास झालेले असतात. माळ गावापासून लांब, मध्ये वाहता रस्ता. मुलाचं नाव तिकडं बीडच्या अंगणवाडीच्या पटावर, मूल इकडं. अंगणवाडीच्या 'पोषण ट्रॅकर' या सरकारी अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करता येते, पण ती करायला कुणीतरी कोपीपर्यंत जायला लागतं. सेविकाताईंना दोष देण्यात अर्थ नाही. मानधनावर राबणारी बाई आहे. वजन-उंची, लसीकरण, गरोदर बायकांच्या घरभेटी, मोबाइलवर माहिती भरणं, आणि यातून वेळ उरला तर शिकवणं. तिच्या एकटीच्या डोक्यावर चाळीस पोरं आणखी टाकून त्याला सोय म्हणता येणार नाही.

कायद्यात काय आहे, तेही सांगायला हवं. शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. २००९ च्या कायद्याचं अकरावं कलम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार सोय करू शकेल, एवढंच म्हणतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तिसऱ्या वर्षापासून पायाभूत टप्पा धरला आणि २०३० पर्यंत सर्वांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. आज तीन वर्षांचं असलेलं पोर तोवर बालवाडीचं वय ओलांडून गेलेलं असेल!

त्यापेक्षा आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की, वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. आपल्या माळावर एरवी चिटपाखरू नसतं, पण हंगामात चाळिसाच्या वर मुलं असतात. टोळ्या आल्यावर नोव्हेंबरात अर्ज केला तर मंजुरी यायला फेब्रुवारी उजाडणार. मग पट्टा पडायला दिवस किती उरतात? म्हणून मागणीचा ठराव टोळ्या यायच्या आधी व्हायला हवा.

येत्या ग्रामसभेत आम्ही तो मांडतो आहोत. माळावर हंगामापुरती अंगणवाडी द्यावी आणि तिला केंद्राच्या 'पाळणा' योजनेतून पाळणाघर जोडावं, ही मुख्य मागणी. त्या योजनेत सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतची मुलं बसतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातला वाटा या मुलांना मिळावा. आणि ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं रक्कम घ्यायचं ठरलेलं आहे, त्या निधीतून वसतिगृहांसारखीच फडावरच्या लहानग्यांचीही तरतूद व्हावी. वसतिगृहं मोठ्या मुलांची आहेत, दीड वर्षाच्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

हे नवीन काहीच नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, १९७५ साली आली.

तरीही सरकारी मंजुरीची वाट बघत यंदाचा हंगाम घालवायचा नाही. वाचनालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पाचपासून संध्याकाळी आई परतेपर्यंत आम्ही मुलं सांभाळू. बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेली एक ताई आणि दोन मदतनीस असतील. त्यातली एक टोळीतलीच, शक्यतो एखादी आजी. मूल अनोळखी माणसाकडं राहायला तयार होत नाही आणि आईचा जीवही लागत नाही, हे गेल्या वर्षी थोडे दिवस बालवाडी भरवून पाहिली तेव्हा लक्षात आलं.

ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, त्यांनी टनाला दोन रुपये द्यावेत. एकरी चाळीस टन धरले तर ८० रुपये होतात. टोळीला खुशाली आणि ऊस नेणाऱ्या ड्रायव्हरला एन्ट्री म्हणून वरचे पैसे देतो, आणि त्यावरून रानात कोण काय बोलतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. हे दोन रुपये मात्र थेट मुलांच्या खिचडी-उसळीत जातील. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी एखादा लिटर बाजूला काढता आला तर फारच बरं. वस्तू द्यायच्या असतील तर सतरंज्या, चादरी, मच्छरदाण्या, लाकडी ठोकळे, पाण्याचं झाकणाचं पिंप. जुने कपडे कृपा करून नकोत, त्यांची गाठोडी अजून पडून आहेत. सुतारकाम येणाऱ्यांनी शेडला फाटक करून दिलं तर मुलं रस्त्यावर जायची भीती राहणार नाही.

देणगी वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ स्वीकारली जाईल आणि लगेच पावती मिळेल. जमा-खर्च दर शनिवारी तिथल्याच फळ्यावर लिहिला जाईल. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी घरच्या माणसाकरवी पाठवावी. ठरावाच्या मागणीपत्रावर सह्याही तिथंच सुरू आहेत. ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही तर ठराव पुढं ढकलला जाईल, तेव्हा नुसती सही करून थांबू नका, त्या दिवशी या.

पहिली टोळी उतरली की त्याच दिवशी माळावर जाऊन मुलांची यादी करायची आहे: नाव, वय, कुठल्या गावच्या पटावर, कुठली लस राहिली. त्यासाठी दुचाकी असलेले आणि लिहायचा कंटाळा नसलेले सहा-सात जण हवेत. नावं वाचनालयात द्या.

आपली,
बालशिक्षण समिती