मेळाव्याला येण्याआधी गाणे हाती पडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा मेळावा झाला की त्याची बातमी येते आणि किती गायक जमले हा आकडा त्यात हमखास असतो. त्या सर्वांनी मिळून जे गायले ते बसवायला काय लागले, हे मात्र कुणी विचारत नाही. यंदा आमच्या मेळाव्यासाठी सर्वांनी एकत्र गायच्या रचना निवडून तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. मी २२ वर्षे आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते आणि त्यातली नऊ वर्षे अकरा जणांचा गायकवृंद सांभाळते आहे. असे मेळावे भरवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे : लहान रचना निवडा, आणि त्यांच्या खुणा केलेल्या प्रती निदान दोन महिने आधी प्रत्येकाच्या हाती द्या.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मेळाव्याला गेले होते. रचना सोळाव्या शतकातली, चार आवाजांची : बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास, उंचाकडून खाली. ‘आपापली प्रत घेऊन या’ एवढाच निरोप होता. सभागृहात तीन वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. जुन्या संगीताचे संपादक मूळ स्वरांची लांबी कधी तशीच ठेवतात, कधी निम्मी करतात. गायला सोपे जावे म्हणून पट्टीही वरखाली करतात. त्यामुळे शेजारणीचा चोविसावा बार (तालाचा एक विभाग) तो माझा बारावा, आणि मागच्या रांगेतल्या काही बासांच्या कागदावर तर पट्टीच वेगळी. तालमीची पहिली चाळीस मिनिटे ‘कुठून घ्यायचे?’ यातच गेली. माझ्या पुढे एक नवी मुलगी बसली होती. ती मान खाली घालून कागद उलटसुलट करत राहिली. चूक आपलीच आहे असे तिला वाटत होते, हे तिच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होते. दुपारच्या सत्रात ती दिसली नाही.

म्हणून या वेळी मी आधी आवृत्ती ठरवली आणि मगच रचना जाहीर केल्या. मोझार्टच्या संगीतावर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, पण त्याच्या एखाद्या नव्या संपादित आवृत्तीवर असू शकतो. तेव्हा फोटोकॉपीच्या यंत्राकडे धावण्यापूर्वी ते तपासावे. हयात संगीतकाराची रचना असेल तर परवानगी आणि पैसे दोन्ही आधी.

मोझार्टची ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही लॅटिन रचना घेतली, कारण ती मुळातच अशा लोकांसाठी लिहिलेली आहे. १७ जून १७९१ ही तिच्या हस्तलिखितावरची तारीख. व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावच्या चर्चमधले गायनप्रमुख आंटोन श्टोल यांच्यासाठी मोझार्टने ती लिहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला. फक्त ४६ बार. सुरुवातीला ‘सोत्तो वोचे’, म्हणजे हलक्या आवाजात, एवढीच सूचना. पुढे आवाज कुठे वाढवावा, कुठे कमी करावा, याबद्दल एक अक्षर नाही. जे काही चढते-उतरते ते सुरावटीतूनच. पण म्हणूनच आयोजकांनी प्रतीवर काहीच लिहू नये असे नाही. शंभर माणसे निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, प्रत्येकाचा श्वास वेगळ्या जागी. ‘वेरुम’ आणि ‘कोर्पुस’ यांच्यामध्ये श्वास घ्यायचा नाही, ही खूण मी प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने केली आहे. लांब ओळीत शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, आळीपाळीने घ्यायचा, हेही लिहिले आहे. मूळ रचनेतली तंतुवाद्ये नसली तरी त्यांचे काम ऑर्गन निभावून नेतो. ऑर्गनवादकाला मात्र आपण नेहमी सर्वांत शेवटी कागद देतो. तो वाचून वाजवेलच, अशी आपली खात्री असते. हे बरे नव्हे.

लॅटिन उच्चारांचेही तसेच. ‘क्रुचे’ म्हणायचे की ‘क्रुत्से’? ‘विर्जिने’ की ‘विर्गिने’? पहिला उच्चार रोमन पद्धतीचा, दुसरा जर्मन. दोन्हींना परंपरा आहे, पण एकाच रांगेत दोन्ही आले की प्रत्येक व्यंजन दोनदा ऐकू येते. मी रोमन उच्चार ठरवले आणि संपूर्ण लॅटिन मजकूर देवनागरीत लिहून प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ दिला. आपल्या लिपीत हे फार सोपे जाते, ऱ्हस्व-दीर्घही दाखवता येते. अर्थ कळला की गळा आपोआप बदलतो, हे मी माझ्या अकरा जणांमध्ये दर वेळी पाहते.

दुसरी रचना ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरची, ‘लोकुस इस्ते’, तीही लॅटिन. ऑस्ट्रियातल्या लिन्झ शहराच्या नव्या कॅथीड्रलमधल्या एका चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, अर्पणविधीसाठी १८६९ मध्ये लिहिलेली. चार आवाज, साथ नाही, ४८ बार. ‘ही जागा देवाने निर्माण केली’ असे तिचे पहिले शब्द. कागदावर पाहिली तर सोपी वाटते आणि इथेच लोक फसतात. मधल्या भागात बास गप्प बसतात, आणि वरचे तीन आवाज अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकत, हळू आवाजात गात राहतात. पायाखालचा आधार काढून घेतल्यासारखे होते. सूर उतरतो, पण गाणाऱ्यांना ते कळत नाही, कारण सगळे एकत्रच उतरत असतात. मग पहिली सुरावट घेऊन बास परत येतात आणि एकदम उघडे पडते. यासाठी मी आमच्या वृंदात तो भाग शब्दांशिवाय, नुसत्या ‘नू’ या अक्षरावर गाऊन घेते आणि बासांना सांगते, तुमच्या सुरुवातीचा सूर मनात धरून बसा. तीन आठवडे रोज दहा मिनिटे केले तर जमते. मेळाव्याच्या सकाळी करायला घेतले तर जमत नाही.

आणि शेवटच्या ओळीआधी ब्रुकनरने सगळ्यांना थांबवले आहे. पूर्ण शांतता. दगडी इमारतीत आधीचा स्वर वर छताखाली विरत जातो तो ऐकून मग पुढे जायचे. कोरड्या सभागृहात तो विराम दुप्पट लांब वाटतो, कुणीतरी घाबरून आधीच गाऊ लागतो. त्या जागी प्रत्येक प्रतीवर मी ‘मोजा’ असे लिहिले आहे.

इतके गायक वर्षातून एकदाच जमतात, तर भव्य काहीतरी का गाऊ नये, असे मला आयोजकांपैकीच एकाने विचारले. त्यांचे म्हणणे मी समजू शकते. मोठ्या समूहात गाण्याचा आनंद मीही घेतला आहे. पण मेळाव्याला येणारे बहुतेक जण दहा-बारा जणांच्या वृंदातून येतात, आणि पुढच्या रविवारी तिथेच परत उभे राहतात. आठ आवाजांची, तुताऱ्यांसकटची रचना ते घरी नेऊन काय करणार? या दोन रचना ते नेतील आणि गातील. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजातही गायकवृंदांना प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात जमलेल्या साऱ्या मंडळीला आपला वाटा उचलता आला पाहिजे असेही. म्हणून तिसरे गीत सर्वांना येणारे ठेवले आहे. त्याला तालीम नको, फक्त पट्टी जरा खालची हवी.

प्रती पुढच्या आठवड्यात पोस्टाने जातील. यादीतल्या दोन वृंदांकडे ऑर्गनही नाही आणि पियानोही नाही. त्यांच्यासाठी चारही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून पाठवते आहे. सोप्रानो आणि आल्टो मीच गायले, बास आमच्या वृंदातल्या काकांनी एका संध्याकाळी गाऊन दिला. टेनर तेवढा राहिला आहे. तो या रविवारी उपासनेनंतर.

आपली,
एका चर्चच्या गायकवृंदाची संचालिका