क्रीम मागायला येणारी मुलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तरुण मुलामुलींना स्वतःच्या दिसण्याची जी धास्ती वाटते, तिच्यावरचा लेख वाचला. लेखिकेने क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा दाखला देऊन 'स्व-करुणा', म्हणजे स्वतःशीही मायेने वागणं, छान समजावली आहे. पुढे एका वाचकाचं पत्रही आलं, की हे सगळे लाड आहेत, आमच्या वेळी आरशात बघायला सवड नव्हती. मी बार्शीत औषधांचं दुकान चालवतो. माझ्या काउंटरवर लाड झालेली मुलं क्वचितच येतात. स्वतःचा राग राग करणारी येतात.

दुकानात गर्दी नाही अशी वेळ बघून येतात. तोंडाला स्कार्फ नाहीतर रुमाल. नाव घेत नाहीत, मोबाइलवर ट्यूबचा फोटो पुढे करतात. 'मैत्रिणीने लावली, आठ दिवसांत उजळली.' फोटोत बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण असतं. कधी नुसतं बीटामेथासोन हे स्टेरॉइड, कधी चक्क क्लोबेटासोल, म्हणजे फारच कडक स्टेरॉइड. ही औषधं आहेत, डॉक्टर ठरावीक आजाराला आणि ठरावीक दिवसांपुरती देतात. पण सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो हे खरं, कारण स्टेरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. लोक फसतात ते इथेच. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं उठतात, गालावर लव वाढते, उन्हात आग होते. घाबरून बंद करावं तर तोंड भडकतं, म्हणून परत तीच ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत पक्की घातली. तरीही ती कुठे मिळतात ते विचारू नका, आमच्याच धंद्यातल्यांची नावं घ्यावी लागतील.

आता 'लाड' म्हणणाऱ्या वाचकांसाठी. मी ट्यूब देत नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव म्हणतो. मुरमांवर साधे, स्वस्त उपचार आहेत. सिव्हिलमध्येही दाखवता येतं. पण ज्या मुलाला आपलं तोंड बघण्याच्या लायकीचं वाटत नाही, तो डॉक्टरकडे जातच नाही. तिथे रुमाल काढावा लागतो, डॉक्टर दिवा धरून जवळून बघतात. त्यापेक्षा त्याला पुढच्या दुकानातून ट्यूब आणणं सोपं वाटतं. 'आलं असेल तोंडावर काहीतरी, माणूस आहे' असं ज्याला मनातून वाटतं, तो जातो, दाखवतो, आणि गुण यायला वेळ लागला तर तेवढा थांबतो. स्वतःला घालूनपाडून बोलल्याने माणूस सुधारतो ही आपली आवडती समजूत आहे. औषधांच्या दुकानात तरी ती खरी ठरताना दिसत नाही.

मागे कॉलेजच्या दोन मुली आल्या होत्या. एकीच्या हनुवटीवर मुरमं, ती रडवेली. दुसरी तिला म्हणाली, 'अगं, पाळीच्या आधी सगळ्यांनाच येतात, आठवड्यात बसतील. कोण बघतंय!' इतकं नेमकं आणि मायेचं डॉक्टरही बोलत नाहीत. पैसे देताना या दुसरीचं लक्ष चष्म्यांच्या स्टँडवरच्या आरशाकडे गेलं. 'शी! माझं तर सगळं तोंडच घाण आहे,' म्हणाली, आणि स्कार्फ वर ओढला. नेफबाईंनी स्व-करुणेत तीन गोष्टी धरल्यात: स्वतःशी मायेने बोलणं, हे दुःख आपल्या एकट्याचं नाही हे ओळखणं, आणि त्रास आहे तेवढाच बघणं, ना दडपायचा ना फुगवायचा. त्या पोरीने तिन्ही दोन वाक्यांत केल्या होत्या, फक्त मैत्रिणीपुरत्या. 'मी फार सुंदर आहे' असं घोकायला कुणी सांगत नाहीये. मैत्रिणीला जे म्हणालीस ते स्वतःला म्हण, एवढंच.

ते तिला जमत नाही, कारण घरात तिने ते ऐकलेलंच नसतं. सुट्टीला घरी आली की दारातच 'किती काळवंडलीस गं!' लग्नाच्या पंगतीत मावशी मुलाच्या डोक्याकडे बघून म्हणते, 'केस गेले की रे तुझे, आता स्थळं कशी येणार?' हे म्हणे काळजीपोटी. सावळा विठ्ठल चालतो, सावळी सून चालत नाही, असा मेसेज दर आषाढीला फिरतो. मलाही तो येतो, आणि पाठवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मुलाच्या स्थळासाठी 'गोरी हवी' सांगून ठेवलेलं मला माहीत आहे.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. केसांची औषधं आणि प्रोटीनचे डबे नेणारे तेच जास्त. कुणी दिवसातले तासन् तास आरशासमोर घालवतो, तोंड दिसायला नको म्हणून कॉलेज बुडवतो, असं दिसलं तर तो नखरा समजू नका. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. मी तो काउंटरवर चिकटवला आहे.

शेवटी एक विनंती, राग मानू नये. ज्या अंकात तो लेख होता, त्याच अंकाच्या वधू-वर पानावर 'गोरी, सडपातळ', 'रंग निमगोरा', 'उजळ मुलगी पाहिजे' हे सगळं होतं. २०२० मध्ये शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीनेही नावातलं 'फेअर' काढलं. तेव्हा आपणही जाहिरातीच्या फॉर्ममधून रंगाचा रकाना काढावा आणि मजकुरात रंग लिहून आला तर तो शब्द गाळून छापावा. जाहिरातीचे पैसे शब्दावर असतात, म्हणजे गिऱ्हाइकाचीही थोडी बचत होईल.

— एक औषधविक्रेता, बार्शी
(धंदा गावातच करायचा आहे, कृपया नाव छापू नये.)