तालमीला एक खोली हवी: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी नाशकातली हौशी रंगकर्मी. गेली बावीस वर्षं नोकरी आणि घर सांभाळून संध्याकाळी नाटक करते. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, घाट, पूल यांची कामं निघाली आहेत, आणि कुंभाच्या निमित्तानं सांस्कृतिक कार्यक्रमांचीही आखणी होईल. ती होण्याआधी माझं म्हणणं आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. मागणी लहान आहे. आम्हाला तालमीला जागा हवी आहे.

मागच्या वेळी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवलं तेव्हाची गोष्ट सांगते. एका शाळेनं वर्ग दिला होता, आठव्या दिवशी गेलो तर दाराला नवं कुलूप. एका सभागृहाचं एका संध्याकाळचं भाडं आमच्या सगळ्या नेपथ्याच्या खर्चाएवढं निघालं. शेवटी आमच्यातल्या एकीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खडूनं रंगमंचाची चौकट आखली आणि दोन महिने तिथंच उभं राहून नाटक बसवलं. गाडी आली की प्रवेश थांबवायचा, गाडी लागली की पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

त्या नाटकातला मुख्य नट सातपूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. दुसरी पाळी असली की त्याचे प्रवेश रविवारी. तो मूळचा धुळ्याकडचा, घरी अहिराणी बोलतो. तालमीत त्याची प्रमाण मराठीतली वाक्यं घशातच अडकायची. एके रात्री आमच्या लेखकानं त्याला सांगितलं, हेच तू तुझ्या आईशी बोलतोस तसं बोल. त्यानं बोलून दाखवलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. ते पात्र त्या रात्री जन्माला आलं. प्रयोगाला त्याच्या सिडको वसाहतीतल्या गल्लीतल्या बायका आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी नाट्यगृहाची पायरी पहिल्यांदा चढत होत्या. पुढच्या श्रावणात त्याच्या घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसली, तेव्हा आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. कानबाईचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदांतच खातात, पण रात्रीच्या गाण्यांना कुणालाही बसता येतं. मी जुन्या नाशकात वाढले. इतक्या वर्षांत सिडकोतल्या एखाद्या घरी पहाटेपर्यंत बसण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. आता त्या गल्लीत माझी चार घरं आहेत.

साहेब, कला माणसं जोडते असं भाषणांत नेहमी ऐकायला मिळतं. मी ते घडताना पाहिलंय, आणि ते प्रयोगाच्या दोन तासांत घडलं नाही. पार्किंगमधल्या त्या दोन महिन्यांत घडलं.

या शहराची रीत पहिल्यापासून अशीच आहे. इथं जे टिकलं ते चौकात, घाटावर, पारावर टिकलं. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात रोज संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला भरते, तिला शंभर वर्षं उलटून गेली. तिकीट नाही, दार नाही. भाजी घेऊन घरी निघालेला माणूस पिशवी पायाशी ठेवून तासभर ऐकतो आणि उठून जातो. दिवाळीत पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर गाणं ऐकायला नेहरू चौक भरून जातो. आमची रहाड तर आपण पाहायलाच हवी. जमिनीतला तो दगडी हौद वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून लोक ये-जा करतात. रंगपंचमीच्या आधी तो उघडायचा, साफ करायचा, फुलं उकळून रंग करायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग पूजा, आणि त्यानंतर धप्पा, म्हणजे काठावरून रंगात उडी. पेशव्यांच्या काळापासून हे चालत आलंय. ती उघडायला, रंग करायला आणि पुन्हा बुजवायला चौकातली माणसंच उभी राहतात, म्हणून ती चालली आहे.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर वस्त्यावस्त्यांतून गात फिरले. काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाचं हे शहर. इथल्या वस्त्यांत ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचला. आजही जयंती जवळ आली की गायन पार्ट्यांची तयारी सुरू होते. तीही एखाद्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत, ढोलकीवर टॉवेल टाकून, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांतला बोहाडा मी दोनदा पाहिला. देवांचे मुखवटे चढवून रात्रभर एकेक सोंग संबळाच्या ठेक्यावर नाचत येतं. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं, बापानंतर मुलगा. कुंभाच्या कार्यक्रमांत बोहाडा आणायचा विचार होईल, तसा व्हावाही. पण मोठ्या व्यासपीठावर मान्यवरांच्या आगमनाआधीची सात मिनिटं त्यांना देऊ नयेत, एवढी कळकळीची विनंती. सोंगाला रात्र लागते. द्यायची तर एखाद्या मोकळ्या मैदानाची एक रात्र द्या, आणि मानधन त्या माणसांच्या हातात तिथून निघण्यापूर्वी पडू द्या. आमच्या ओळखीच्या एका संबळवादकाला एका कार्यक्रमाचे पैसे मिळायला अकरा महिने लागले. तेवढ्यात त्याच्या पोरानं वाजवणं सोडून गवंड्याच्या हाताखाली काम धरलं. तो परत संबळाकडे वळलेला नाही.

आता खोलीबद्दल. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. प्रभागाप्रभागात समाजमंदिरं आहेत, त्यांतली काही लग्नसराई सोडली तर कुलपातच असतात. यांतली प्रत्येक प्रभागातली एक खोली, रोज साडेसात ते दहा, नाममात्र भाड्यानं, आधी नोंद करून, तिथल्या नाट्यसंचांना, भजनी मंडळांना, गायन पार्ट्यांना, लेझीम शिकणाऱ्या पोरींना मिळावी. खोल्या महापालिकेच्या आहेत हे मला माहीत आहे. पण आपल्या खात्यानं महापालिकेशी बसून एक साधा लेखी नियम करून दिला, तर मुख्याध्यापकांनाही किल्ली देताना जबाबदारीची धास्ती वाटणार नाही. तालमीला ध्वनिक्षेपक लागत नाही, दहाची मर्यादा आम्ही पाळू, फरशी झाडून जाऊ. एक दिवा, एक पंखा, पाणी आणि बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह, एवढं पुरे. या शेवटच्या गोष्टीपायी किती मुलींनी नाटक सोडलं हे मी मोजलेलं नाही, पण त्यांतल्या सहा जणींची नावं मला पाठ आहेत.

मोठं नाट्यगृह नको असं मी म्हणत नाही. कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर उभं राहण्याचं स्वप्न आम्हीही पाहतो. पण तिथं पोचण्याआधी दोन महिने आम्ही कुठं उभं राहायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

नव्या नाटकाची तालीम सध्या त्याच पार्किंगमध्ये चालू आहे. मंगळवार ते शनिवार, रात्री साडेआठ ते दहा. सिंहस्थाच्या बैठकांसाठी आपलं नाशकात येणं होईल, तेव्हा एक संध्याकाळ अर्धा तास आमच्याकडे या. आधी कळवू नका. सत्कार, हारतुरे असलं काही करायचं नाही. आपल्याला फक्त तालीम दाखवायची आहे.

आपली नम्र,
जुन्या नाशकातली एक रंगकर्मी