साखळीवर सातबारा, रस्त्यावर चर

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या आणि नंतर गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीवर, नेल्या की तंटे मिटतील, कोर्टकचेरीची गरजच उरणार नाही, असं हल्ली जिथे-तिथे ऐकू येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही विधी आयोगाला या तंत्राचा अभ्यास करायला सांगितलं. अभ्यास जरूर व्हावा. पण परवा आमच्या अडवलेल्या शेतरस्त्याच्या आदेशाची अंमलबजावणी ‘पोलीस बंदोबस्त उपलब्ध नाही’ म्हणून पुन्हा पुढे ढकलली गेली, म्हणून हे पत्र.

मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5: रस्त्यातला अडथळा काढायचा तहसीलदारांचा अधिकार. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, तहसीलदारांचा आदेश झाला: रस्ता खुला करा. सही खरी, शिक्का खरा. ब्लॉकचेन याहून जास्त काय देणार? आदेश जपून ठेवणार. तो आमच्या प्लास्टिकच्या पिशवीतही नीट जपलेला आहे. रस्त्यात आडवा खणलेला चर बुजवायला मात्र जेसीबी लागतो, मंडळ अधिकारी लागतात आणि दोन कॉन्स्टेबल. हे तिन्ही कुठल्या ब्लॉकात मिळतात?

ब्लॉक म्हणजे नोंदींचा गठ्ठा, आणि प्रत्येक ब्लॉकात मागच्या ब्लॉकाचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, असतो. मागचं एक अक्षर बदललं तरी साखळी जुळत नाही, म्हणजे नंतरची खाडाखोड पकडली जाते. पण आपल्याकडची लबाडी बहुतेक वेळा नोंदीच्या आधीच उरकलेली असते: बनावट मुखत्यारपत्र, दुय्यम निबंधकासमोर उभा केलेला तोतया, बहिणींना वगळून केलेली वारसनोंद. हे एकदा साखळीत गेलं की खोटंही तितकंच पक्कं. आज निदान जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो, 247 खाली प्रांतांकडे अपील होतं. कलम 157 तर नोंद खरी मानतं तीही उलट सिद्ध होईपर्यंतच. ते ‘उलट’ ऐकायला माणूस बसलेला लागतो, साहेब.

‘कोड हाच कायदा’, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम जे करेल तेच खरं, म्हणणाऱ्यांचीही परीक्षा झालेली आहे. 2016 साली इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डीएओ’ या सामाईक गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर (तिथलं डिजिटल चलन) निघून गेले. कोडमध्येच फट होती, म्हणजे कोडच्या हिशेबाने चोरी कायदेशीर! मग मंडळी बसली, वाद घातला आणि न बदलणारी साखळी बदलली. ज्यांना पटलं नाही ते ‘इथेरियम क्लासिक’ घेऊन वेगळे झाले. भाऊबंदकी आणि वाटणी, दुसरं काय.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर गेले, ते ठीक. दाखला देणारं सरकार, तपासणारंही सरकार. जमिनीचं तसं नाही. शेजारी दर नांगरटीला नांगराच्या एकेका तासाने बांध कोरतो, ते सातबाऱ्यावर उमटत नाही आणि साखळीवरही उमटणार नाही. त्याला हद्दकायम मोजणी, तिच्या नकाशाची ‘क’ प्रत, आणि ती मान्य करायला लावणारं कुणीतरी लागतं. तिथेच तर तुमची यंत्रणा गायब! जिल्हा न्यायालयांत साडेचार कोटींच्या वर खटले पडून आहेत, आणि निकाल लागला तरी तो अमलात आणायची दरखास्त म्हणजे दुसरा खटलाच.

मागणी एवढीच: आदेशातच अंमलबजावणीची तारीख आणि बंदोबस्ताचं पोलीस ठाणं लिहा. तारीख चुकली तर जबाबदार कोण, त्याचं पदनामही. चराचा फोटो सोबत जोडला आहे. ब्लॉकचेनवर चढवायचा असेल तर खुशाल चढवा, चर काही बदलणार नाही.

आपला,
एक आदेशधारक शेतकरी