अमावास्या तेवढी पोचली

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वाचकांच्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांनी तक्रार केली होती की, व्याख्यानानंतर वक्त्याने ईमेलवर पाठवलेल्या स्लाइड्स त्यांच्या फोनवर उघडतच नाहीत. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका वाचकाने त्यांना सुनावलं की, आजच्या काळात पॉवरपॉइंट, म्हणजे स्लाइड्स बनवायचा आणि दाखवायचा प्रोग्रॅम, नसणं ही ज्याची त्याची अडचण आहे, त्याचा दोष वक्त्याला देऊ नये. हे दुसरं पत्र वाचून मला राहवेना. याचं कारण थोडं लाजिरवाणं आहे. या भांडणात मी पाठवणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि तरीही मला पहिल्या गृहस्थांचंच म्हणणं पटतं.

मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका. आम्ही वीस-बावीस जण महिन्यातून एकदा जमतो आणि आळीपाळीने कुणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर बोलतं. सगळ्यात लहान सभासद त्रेसष्टचे आणि सगळ्यात मोठ्या बाई सत्त्याऐंशीच्या. माझी पाळी आली तेव्हा मी चंद्राच्या कलांवर आणि ग्रहणांवर बोलले. अडतीस स्लाइड्स होत्या. व्याख्यान बरं झालं, निदान कुणी झोपलं नाही. घरी आल्यावर मोठ्या उत्साहाने ती फाइल सगळ्यांना पाठवून दिली आणि तिथून माझ्या फजितीला सुरुवात झाली.

पहिली फजिती आकाराची. फाइल नव्वद एमबीच्या वर गेली होती, कारण प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच डकवला होता. जीमेलला २५ एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंट चालत नाही. म्हणून मी ती गूगल ड्राइव्हवर चढवली आणि लिंक पाठवली. रात्रीपर्यंत माझ्या इनबॉक्समध्ये 'परवानगी द्या' असे अकरा मेल येऊन पडले. लिंक पाठवताना 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय आपल्या हाताने निवडावा लागतो, नाहीतर दार बंदच राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांनी परवानगी मागितली ते तरी बरे. बाकीच्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम कुलूप लावलंय.

मग एका जाणकाराचा सल्ला मिळाला की फाइल 'शो' म्हणून सेव्ह करा, म्हणजे समोरच्याकडे काही असायची गरज नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथे खोडून काढायलाच हवा. अशी 'शो' फाइल (पीपीएस किंवा पीपीएसएक्स) उघडल्याबरोबर पूर्ण पडद्यावर सुरू होते, एवढाच तिच्यात आणि पॉवरपॉइंटच्या साध्या फाइलीत (पीपीटी) फरक. ती चालवायला प्रोग्रॅम लागतोच. फोनने माझ्या मैत्रिणींना स्वच्छ सांगितलं, ही फाइल उघडणारं ॲप इथे नाही.

इंटरनेटवर अजूनही जिथे तिथे लिहिलेलं सापडतं की पॉवरपॉइंट नसेल तर मायक्रोसॉफ्टचा मोफत 'पॉवरपॉइंट व्ह्यूअर' उतरवून घ्या. तो एप्रिल २०१८ मध्ये बंद झाला. आज कुठली अनोळखी साइट तो देऊ करत असेल तर तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. आमच्यातल्या एकांनी तो शोधता शोधता भलतंच काहीतरी उतरवून घेतलं आणि मग त्यांच्या नातवाचा अख्खा रविवार ते काढण्यात गेला.

शेवटी मला वाटलं, पीडीएफ करावी आणि मोकळं व्हावं. केली. सगळ्यांकडे ती उघडली. मी सुटकेचा श्वास सोडला तोच एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. "बाई, सतराव्या पानावर नुसता काळा गोळा आहे. हा काय प्रकार?"

सतरावी स्लाइड माझी सगळ्यात लाडकी. तिच्यावर चंद्राची आठ चित्रं एकाच आकाराची, एकावर एक बरोबर बसवलेली होती. बटण दाबलं की आधीच्या चित्रावर पुढची कला यायची. कोर, अष्टमी, पौर्णिमा असं करत करत शेवटी अमावास्या. पीडीएफला हे येणं-जाणं कळत नाही. तिच्या लेखी ते कागदाचं एक पान, त्यामुळे आठही चंद्र एकदम छापले गेले आणि सगळ्यात वरती होती ती काळी थाळी. बारा मिनिटं मी ज्या स्लाइडवर बोलले होते, तिच्यातली अमावास्या तेवढी लोकांपर्यंत पोचली.

उपाय अगदी साधा निघाला, पण तो सुचायला दोन दिवस गेले. त्या स्लाइडच्या आठ प्रती काढल्या आणि प्रत्येकीवर एकच चंद्र ठेवला. पीडीएफमध्ये पानं उलटली की चंद्र वाढताना आणि घटताना दिसतो. ॲनिमेशनची हौस असणाऱ्या सगळ्यांनी पाठवायची प्रत अशी वेगळी करावी. ग्रहणाचा छोटा व्हिडिओ होता, त्याचंही पीडीएफमध्ये एक स्थिरचित्रच झालं. तो वेगळा पाठवावा लागला.

मधल्या काळात मी व्हिडिओचाही प्रयोग करून पाहिला. पॉवरपॉइंटमधून थेट एमपी४ फाइल काढता येते आणि ती कुठल्याही फोनवर चालते, हे खरं आहे. पण वेळ आपण ठरवून दिली नाही तर पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडला पाच सेकंद देतं. अडतीस गुणिले पाच म्हणजे एकशे नव्वद. माझं तासाभराचं व्याख्यान तीन मिनिटं दहा सेकंदांत आटोपलं. सत्त्याऐंशीच्या बाईंनी कळवलं, "पळता चंद्र पाहिला, छान होता." आधी आवाज रेकॉर्ड करून प्रत्येक स्लाइडची वेळ बसवली तर मात्र व्हिडिओसारखं दुसरं काही नाही, कारण बोलणाराही त्याच्याबरोबर जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पूर्वी स्लाइड म्हणजे फिल्मचे ते चौकोनी तुकडे. आमच्या शाळेत त्यांचा गोल ट्रे होता, त्यात ऐंशी स्लाइड्स मावायच्या. कोडॅकने असे स्लाइड-प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं. त्या काळात कुणी कुणाला तो ट्रे टपालाने पाठवून "सवडीने बघा" असं कळवलं असतं का? समोरच्याने आधी विचारलं असतं, प्रोजेक्टर कुठाय? आणि प्रोजेक्टर घरात नाही म्हणून त्याला कुणी मागासलेला ठरवलं नसतं. पॉवरपॉइंटसुद्धा १९८७ मध्ये पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशवर, काळ्या-पांढऱ्यात, ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी. ते बोलणाऱ्याच्या हाताशी असायचं अवजार होतं. ऐकणाऱ्याने ते घरी ठेवावं ही अपेक्षा नंतर कधीतरी आपोआप चिकटली.

दुसऱ्या पत्रलेखकांचं म्हणणं असं की, मोफत सोयी भरपूर आहेत. आहेत की. पॉवरपॉइंटच्या फाइली उघडणारं लिबरऑफिसमधलं इम्प्रेस फुकट आहे, मी स्वतः ते वापरते. ब्राउझरमध्ये उघडायचीही सोय आहे. पण एका फाइलसाठी बावीस जणांनी बावीस ठिकाणी खटपट करायची, की पाठवणाऱ्याने एकदाच 'एक्स्पोर्ट' दाबायचं? शिवाय दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलेली फाइल तशीच्या तशी दिसेल याची खात्री नसते. विशेषतः आपल्या लिपीत. मी शीर्षकांना एक वळणदार देवनागरी फॉन्ट घेतला होता. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांच्या पडद्यावर दुसराच फॉन्ट बसला, ओळी फुगल्या आणि 'खग्रास सूर्यग्रहण'मधलं 'ग्रहण' सूर्याच्या चित्रावर जाऊन पडलं. योगायोगाने ते शोभून दिसलं, पण माझा तसा बेत नव्हता. माझे जुने पाठ तर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांच्यात एक अक्षर मराठी उरत नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची गर्दी दिसते. पीडीएफ करताना अक्षरांचे आकार फाइलमध्येच बांधून जातात, म्हणून ही भानगड उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, जी सांगायला आमच्या ह्यांनी मनाई केली आहे. चंद्रग्रहणाचा एक फोटो गच्चीतून काढलेला होता. त्याच्या कडेला हे गंजीफ्रॉकात उभे होते, म्हणून मी फोटो कापून घेतला. निदान मला तसं वाटलं. पॉवरपॉइंटमध्ये कापलेला भाग नुसता झाकला जातो, फाइलमधून जात नाही. माझ्या भाचीने मूळ फाइल उघडली, फोटोवर 'क्रॉप' दाबलं आणि काकांचं दर्शन घेतलं. मूळ फाइलबरोबर लपवलेल्या स्लाइड्स जातात, खाली लिहिलेल्या नोंदी जातात, फाइल करणाऱ्याचं नावही जातं. माझ्या नोंदींमध्ये एके ठिकाणी लिहिलेलं होतं, "इथे अमुक एक प्रश्न विचारतील, लांबवू द्यायचं नाही." ते अमुक एक आमचे सभासदच आहेत. त्यांनी वाचलं. सध्या आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं आहे.

'कॉम्प्रेस पिक्चर्स' नावाची एक आज्ञा आहे. तिच्यात 'कापलेले भाग पुसून टाका' असा पर्याय असतो. तो निवडून फोटो लहान केले तेव्हा माझी नव्वद एमबीची फाइल अकरावर आली आणि गंजीफ्रॉकही गेला.

या नोंदींवरून आठवलं. नुसत्या स्लाइड्स पाठवून उपयोग तरी काय? माझ्या एका स्लाइडवर फक्त 'पाच अंश' एवढंच लिहिलं आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, म्हणूनच दर पौर्णिमेला चंद्रग्रहण होत नाही, हे मी तोंडाने सांगितलं होतं. जो व्याख्यानाला नव्हता त्याने 'पाच अंश' वाचून काय समजायचं? पीडीएफ करताना 'नोट्स पेजेस' निवडलं की वर स्लाइड आणि खाली आपण लिहिलेला मजकूर असं पान मिळतं. आता मी बोलायचं ते सगळं नोंदीत नीट, अपमान वगळून, लिहिते आणि तीच प्रत पाठवते. आमच्यातल्या एकांना दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवतो. पूर्वी मी घाईत स्लाइड्सचे फोटो करून ग्रुपवर टाकत असे. त्यांच्यापुरतं ते कोरे कागद पाठवल्यासारखंच होतं. नोंदींची प्रत त्यांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

हे सगळं करायला किती वेळ लागला? आधीच्या गोंधळात गेले नऊ दिवस. पुढच्या व्याख्यानाला पंचवीस मिनिटं. पाठवण्याआधी मी ती फाइल स्वतःला मेल करते आणि ह्यांच्या जुन्या फोनवर उघडून बघते. त्यावर कुठलंच ऑफिसचं ॲप नाही आणि मी ते मुद्दाम घालू देत नाही.

आपल्या दैनिकात व्याख्यानांच्या बातम्यांखाली 'स्लाइड्स या दुव्यावर मिळतील' असं पुष्कळदा छापून येतं. तो दुवा छापण्याआधी आयोजकांकडे पीडीएफ आहे का, एवढं आपल्या कचेरीतून विचारलं जावं, ही विनंती. मूळ फाइल ज्यांना बदल करून वापरायची असेल त्यांच्यासाठी शेजारी ठेवावी, माझी ना नाही.

जाता जाता. आठ चंद्रांची नवी प्रत मिळाल्यावर त्याच सहकाऱ्यांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "आता सगळं दिसलं. पण बाई, शुक्ल पक्षातली कोर उजवीकडून उजळते. तुमची डावीकडून आहे." चित्र उलटं बसलं होतं. व्याख्यानात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि पीडीएफमध्ये तर त्यावर अमावास्याच पसरली होती. दुरुस्ती केली आहे. आज संध्याकाळी तिसऱ्यांदा पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(ह्यांच्या आग्रहावरून नाव छापू नये.)